पूर्वपुण्याई आणि चालू ताळेबंद

मा. संपादक,

गेम कंपनीची विक्री घसरू लागली की तिच्या प्रमुखाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना त्याची पूर्वपुण्याई पुरेशी वाटते, तर काहींना शेवटच्या ताळेबंदापलीकडचे काही दिसत नाही. निंटेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे दिवंगत अध्यक्ष सातोरू इवाता यांची कारकीर्द पाहता ही दोन्ही मापे तोकडी पडतात, असे माझे ठाम मत आहे.

इवाता मूळचे प्रोग्रॅमर. कर्जात बुडालेली हाल लॅबोरेटरी ही गेम बनवणारी कंपनी त्यांनी १९९३ पासून सावरली आणि २००२ मध्ये ते निंटेंडोचे अध्यक्ष झाले. कंपनी स्थापणाऱ्या यामाउची घराण्याबाहेरचे ते पहिलेच अध्यक्ष. त्यांच्या काळात आलेल्या डीएस आणि वी या गेम खेळण्याच्या दोन यंत्रांची मिळून २५ कोटींहून अधिक विक्री झाली आणि गेमच्या वाटेला कधी न गेलेली वडीलधारी माणसेही खेळू लागली.

पुढच्या चुकीचे मूळ मात्र याच यशात होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या यंत्राला जुन्याच नावाचा आधार घेऊन ‘वी यू’ म्हटले गेले आणि त्याचा पडदा असलेला कंट्रोलर अनेक ग्राहकांना जुन्या यंत्राला जोडायची वस्तू वाटला. वर्षभरात ९० लाख यंत्रे विकण्याचे उद्दिष्ट जानेवारी २०१४ मध्ये २८ लाखांवर आणावे लागले. ज्या आर्थिक वर्षासाठी इवातांनी १०,००० कोटी येन कार्यकारी नफ्याचा शब्द दिला होता, त्यात ४,६४० कोटी येनांचा तोटा झाला. तेव्हा राजीनामा मागणाऱ्यांना कृतघ्न ठरवणे अन्यायाचे होते.

तरीही मला त्यांचे त्या पडत्या काळातील वागणे अधिक बोलके वाटते. २०११ मध्ये थ्रीडीएस हे हातात धरून खेळायचे नवे यंत्र खपेना, तेव्हा सहा महिन्यांच्या आत त्याची जपानमधील किंमत २५,००० येनांवरून १५,००० वर आणली गेली, आधी पूर्ण किंमत मोजलेल्या ग्राहकांना २० जुने गेम मोफत दिले गेले आणि इवातांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. २०१४ मध्ये त्यांनी पुन्हा पाच महिने निम्मेच वेतन घेतले. नोकरीच्या धास्तीत असलेली माणसे लोकांच्या मनाला भिडणारे गेम घडवू शकणार नाहीत, असे त्यांनी २०१३ मध्ये भागधारकांना सांगितले होते. पुढच्याच वर्षी जर्मनीतील एक कार्यालय बंद होऊन तेथील नोकऱ्या गेल्या, याचीही नोंद त्यांच्या खात्यात झाली पाहिजे.

जुलै २०१५ मध्ये इवाता गेले. मार्च २०१७ मध्ये आलेल्या निंटेंडोच्या स्विच या यंत्राच्या विक्रीने १५ कोटींचा टप्पा ओलांडला, म्हणून ते पूर्वीपासूनच बरोबर होते, हा युक्तिवाद मला पटत नाही. जानेवारी २०१४ मध्ये स्विच कोणाला दिसत नव्हता. दिसत होते ते एवढेच की, प्रमुखाने चूक आकड्यांसह कबूल केली, तिचा भार आधी स्वतः उचलला आणि गेम घडवणारी माणसे बव्हंशी टिकवली. तेवढ्यावरही त्यांना आणखी मुदत देणे योग्य होते; वी यूचे अपयश त्यामुळे पुसले जात नाही.

पुणे-मुंबईत यूबीसॉफ्टसारख्या परदेशी कंपन्यांचे स्टुडिओ आहेत, त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. अशा कंपन्यांच्या प्रमुखांविषयी लिहिताना विक्रीच्या आकड्यांशेजारी प्रमुखाचे त्या वर्षीचे वेतन आणि कमी केलेली पदेही छापावीत, अशी आपणास विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे