बोल्टला दोष देण्याआधी पुंगळी पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या .३०३ ली-एन्फिल्ड रायफलींवरचा लेख वाचला. इतिहासाचा भाग चोख आहे. तांत्रिक भागातले एक विधान मात्र खटकले: घरी भरलेल्या काडतुसांनी बोल्ट (काडतुसामागे मिटणारा दट्ट्या) झिजतो आणि मग बोल्ट हेड (त्याच्या पुढच्या टोकाचा सुटा तुकडा) बदलून काम भागते. हा समज इथे कॅनडातल्या रेंजवरही घट्ट बसला आहे. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोजवळच्या लाँग ब्रांचला बनलेल्या ‘नंबर ४’ रायफली आजही नेमबाजांच्या हातात आहेत आणि बरेच जण पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी) पुन्हा भरून वापरतात. (भारतातल्या वाचकांनी हे करायला जाऊ नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे.)

‘झिजलेला बोल्ट’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच रायफलींत खरी झीज पुंगळीच्या पितळाची असते. .३०३ चे काडतूस बुडाच्या रिमवर (बाहेर आलेल्या कडेवर) टेकते. त्या रिमसाठी बोल्टच्या तोंडापुढे किती जागा आहे, ते हेडस्पेस. लष्करी गेज (मापाचे ठोकळे) दोन: .०६४ इंचावर बोल्ट बंद झाला पाहिजे, .०७४ वर होता कामा नये. म्हणजे दहा थाऊंची मुभा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). शिवाय चिखल-मातीतही काडतूस आत जावे म्हणून चेंबर (काडतूस बसायची पोकळी) सैल कापलेले, त्यामुळे पुंगळीच्या खांद्यापुढे (जिथे ती निमुळती होते) भरपूर मोकळी जागा. बार उडाला की पुंगळीचा पातळ पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो आणि जाड बूड मागे सरकून बोल्टवर आदळते. ली-एन्फिल्डचे लग (बोल्टला जागी अडकवणारे उंचवटे) बोल्टच्या मागच्या टोकाकडे असल्याने बोल्ट आणि बॉडी (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) दोन्ही माउझर रायफलीपेक्षा थोडी जास्त ताणली जातात. हा सगळा ताण बुडाच्या जरा वर, जिथे जाड पितळ पातळ होते, तिथे पडतो.

फॅक्टरीचे काडतूस एकदाच उडते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. घरी भरणारा दर वेळी पूर्ण डाय (पुंगळीला पुन्हा आकार देणारा साचा) मारून खांदा मागे ढकलतो आणि पुढच्या बाराला पितळ पुन्हा तिथेच ताणले जाते. असे तीन-चार वेळा झाले की बूड बाहेर येते आणि वरची नळी चेंबरमध्ये अडकते. मालक म्हणतो, बोल्ट गेला.

तपासायला एक पेपरक्लिप पुरते. ती सरळ करून टोकाचे दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वळवायचे आणि कानशीने धारदार करायचे. उडालेल्या पुंगळीत तळापर्यंत घालून भिंतीला लावत वर ओढा. बुडाच्या थोडे वर टोक खाचेत अडकले तर त्या पुंगळीचे आयुष्य संपले. त्याच जागी बाहेरून कधी कधी बारीक चकचकीत रेघ दिसते. खात्री नसेल तर त्या खेपेतली एक पुंगळी हॅक्सॉने उभी कापा. आतली चर उघड्या डोळ्यांना दिसते.

चर सापडली आणि बोल्ट .०७४ वर बंद होत नसेल, तर बोल्ट निर्दोष आहे, डाय चुकीची बसवली आहे. डायचा आटा इंचाला १४ फेऱ्यांचा, म्हणजे एका फेरीत ती सुमारे ७१ थाऊ सरकते. एक फेरी वर घ्या, मग सोळावा हिस्सा (साडेचार थाऊ) खाली आणत दर वेळी रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून पाहा. बोल्ट किंचित जाणवेल अशा दाबाने बंद झाला की थांबा. उडालेल्या पुंगळीपेक्षा खांदा एक-दोन थाऊच मागे जायला हवा.

गेज लावताना एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा हूक) काढलेला बरा, आणि बोल्ट बोटाच्या दाबानेच मिटायचा. जोर लावला तर लोखंडही खोटे बोलते. .०७४ वर बंद झालाच, तर आधी नंबर जुळवा: बोल्टच्या हँडलवर आणि बॉडीवर एकच हवा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट हे झिजेपेक्षा अधिक आढळणारे कारण आहे. मग लग पुसून त्यांना प्रशियन ब्लूचा (कुठे घासते ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्या, बोल्ट आठ-दहा वेळा मागे दाब ठेवून बंद करा. रंग दोन्ही लगवरून पुसला गेला पाहिजे. एकाच लगवरून गेला तर सारा भार एकटा लग पेलतो आहे. इथे कुणी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट काढली तर त्याचा हात धरा, कारण लगचा कडक थर पातळ असतो.

बोल्ट हेडचा प्रश्न यानंतर येतो. ‘नंबर ४’ची हेडे ० ते ३ आकड्यांची, प्रत्येक पुढचे हेड थोडे लांब. आधीच ३ बसवलेले असूनही .०७४ वर बंद होत असेल, तर लग किंवा बॉडी खचली आहे. ती रायफल उडवायची नाही. बंगालमधल्या ईशापूरला बनलेल्या जुन्या ‘नंबर १’ रायफलींच्या हेडांवर आकडे नसतात, तिथे मापूनच निवड करावी लागते.

भरलेल्या काडतुसांनी बोल्टला खरी इजा होते ती त्याच्या तोंडावर. घड्याळजीचे भिंग आणि तिरपा उजेड घ्या. मध्यभागी ५.३ मिलिमीटर व्यासाचे खरवडलेले कडे दिसले, तर प्रायमरच्या (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) कडेने वायू निसटतो आहे: पुंगळीतली प्रायमरची जागा सैल झाली आहे, किंवा दाब जास्त आहे. पिनच्या (प्रायमरवर आदळणाऱ्या सुईच्या) भोकाभोवतीच खड्डे असतील तर प्रायमर फुटताहेत; लगेच पिनचे टोक पाहा, कारण खरबरीत झालेली पिन पुढचे प्रायमर स्वतःच फोडते. खड्डे तोंडभर विस्कटलेले असतील तर दोष नव्या भरणीचा नव्हे. जुन्या लष्करी प्रायमरमधल्या क्लोरेटमुळे उरलेल्या मिठाने गंज धरला आहे. ते मीठ तेलात विरघळत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडे करून तेल.

आधुनिक रायफलीत जास्त दाबाची खूण म्हणून पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा शोधतात. ली-एन्फिल्डच्या बोल्टमध्ये तसा इजेक्टरच नाही, त्यामुळे ठसा नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बोल्ट उचलताना जड लागतो का ते बघा. चपटा प्रायमरही एकट्याने पुरावा ठरत नाही: हेडस्पेस जास्त असेल तर प्रायमर आधी मागे येतो आणि बूड मागे सरकल्यावर चेपला जातो. हलक्या भरणीत तो बाहेर डोकावलेलाच राहतो.

आणखी एक चूक फार सर्रास होते. डाय मारताना पुंगळीला लावलेले वंगण पुसायचे राहून जाते. तेलकट पुंगळी चेंबरला चिकटत नाही, मग सारा धक्का बोल्टवर येतो. लग खरोखर ठोकून काढणारी ही एक गोष्ट.

लेखात सुचवलेला उपाय रिममागची जागा कमी करतो, खांद्यापुढची नाही. डाय तशीच ठेवून हेड ० चे ३ केले, तरी पुंगळी काही भरण्यांनंतर पुन्हा त्याच जागी तुटते.

आपला,
एक वाचक, टोरांटो