शुक्रावरच्या आनंदीबाई

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला संध्याकाळी यवतेश्वरच्या डोंगरावर जो ठळक दिवा दिसतो ना, तो शुक्र. त्याच्याभोवती गंधकाम्लाच्या ढगांचा जाड थर आहे. अंगावर पडलेलं तीन चतुर्थांश ऊन तो परत फेकतो, म्हणून एवढा झगझगीत.

आई, पुढचं तुझ्यासाठी. त्या ढगांखाली, उल्का आदळून झालेल्या एका विवराला आपल्या आनंदीबाई जोशींचं नाव आहे. रुंदी ३४ किलोमीटर, म्हणजे साताऱ्याहून निघून जवळजवळ वाई गाठली!

बाबा लगेच दुर्बीण मागतील. उपयोग नाही, ढगांपुढे तिचं काही चालत नाही. 'मॅगेलन' यान १९९० पासून चार वर्षं शुक्राभोवती फिरलं आणि रडारने जवळपास सगळी जमीन टिपली. मोठ्या ग्रहाच्या मानाने विवरं कमीच सापडली, हजाराच्या आत. अगदी लहान तर नाहीतच, कारण लहान दगड त्या दाट हवेतच संपतात. खाली ४६० अंशांची भट्टी, पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे झालेली विवरं पावसापाण्याने झिजत नाहीत.

२० किलोमीटरहून मोठ्या विवरांना तिथे दिवंगत कर्तबगार बायकांचीच नावं देतात. पंडिता रमाबाईंचंही आहे, 'मेधावी' म्हणून. तिथेही नवऱ्याचंच आडनाव, हसू नकोस. १८८६ साली फिलाडेल्फियात आनंदीबाईंना एम.डी. मिळाली, तेव्हा या रमाबाई समारंभाला हजर होत्या. दोघी आता एकाच ग्रहावर.

तरी मला त्या विवराचं फार कौतुक करवत नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डावर नेमणूक झालेली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस पुरी व्हायच्या आधीच, आनंदीबाई क्षयाने गेल्या. प्रबंध लिहिला होता बाळंतपणावर. तू रात्रपाळ्या करून जी बाळंतपणं सुखरूप पार पाडलीस, तसली वर्षं त्यांच्या वाट्याला यायला हवी होती. तू आयुष्यभर 'मी काय, साधी नर्स' म्हणत आलीस, ते यापुढे माझ्यासमोर म्हणू नकोस.

बाबा, डोळ्यांत थेंब डॉक्टर सांगतील तोवर घालायचेच, बरं वाटतंय म्हणून सोडायचे नाहीत. गच्चीच्या जिन्यात दिवा बसवून घ्या. पैसे पाठवते, त्यावरून वाद नको.

तुमची,
मनू