बाबा, मी कंपाउंडरच होतेय

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

रोज व्हिडिओवर बोलतो आणि तरी हे टपालाचं पत्र कशाला, असं वाटेल. बाबांच्या मोतीबिंदूचा विचार करून अक्षर मोठं काढलंय. आईला वाचून दाखवताना बाबा, घाई करू नका.

मागच्या रविवारी मी सांगितलं की मी मेडिकल असिस्टंटचं शिक्षण घेतेय आणि आता शेवटचे दोन महिने राहिलेत. त्यावर बाबा, स्वतः आयुष्यभर कंपाउंडर असलेले तुम्ही एवढंच म्हणालात, "एम.कॉम. होऊन शेवटी कंपाउंडरच?" आणि फोन आईकडे दिलात. मला राग आला नाही. पण त्या दिवसापासून तुमचा आवाज मनातून जात नाही. जे उत्तर तेव्हा द्यायचं होतं ते फोनवर जमत नाही, म्हणून लिहायला बसले.

आई, आधी तुझ्यासाठी एक गोष्ट. शेजारी कुणाला "आमची ताई नर्स होतेय" असं सांगू नकोस. नर्सचं शिक्षण वेगळं, परवान्याची परीक्षा वेगळी. इथे अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मेडिकल असिस्टंटने स्वतःला नर्स म्हणवून घेणं कायद्यातही बसत नाही. आम्ही डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो. पेशंटला आत बोलवायचं, वजन, ताप, नाडी, रक्तदाब बघायचा, कोणती औषधं चालू आहेत ते विचारून लिहायचं, डॉक्टरांनी सांगितलं तर इंजेक्शन द्यायचं, रक्त काढायचं, ईसीजी काढायचा. शिवाय विम्याचे कागद, पुढची तारीख, फोन. रोग कोणता हे सांगायचं नाही आणि स्वतःच्या मनाने सल्ला द्यायचा नाही. अशी सात लाखांहून जास्त माणसं या देशात काम करतात. तेव्हा बाबांनी काढलेला शब्द अगदी बरोबर आहे. याला मराठीत कंपाउंडरच म्हणतात.

आता इथवर कशी आले ते. लग्नानंतर मी तुमच्या जावयांच्या व्हिसावर आले, आणि त्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. सांगलीच्या बँकेतली नोकरी सोडून आलेली मी, इथे घरात बसून दुपार मोजायची. २०१५ साली नियम बदलला, आमच्यासारख्या काही जणींना परवाना मिळू लागला. पण आमची फाईल त्यात बसेपर्यंत धाकटी पोटात होती. पुढे ती शाळेत गेली आणि मी बँकांत अर्ज टाकले. मधल्या वर्षांचं काय केलंत, हा प्रश्न सगळीकडे आला. तुम्हाला हे कधी बोलले नाही. तुम्ही लोकांना अभिमानाने सांगायचात की मुलगी अमेरिकेत आहे, आणि त्यावर मला विरजण घालावंसं वाटलं नाही.

मग घरापासून वीस मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजात गेले. हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही म्हणून सांगते. गावकऱ्यांच्या करातून आणि सरकारी मदतीतून चाललेलं कॉलेज. प्रवेशाला टक्केवारीची मारामारी नाही, फी मोठ्या विद्यापीठांच्या मानाने पुष्कळ कमी, वर्ग सकाळी, रात्री, शनिवारी. वयाची अट नाही. देशातलं अशा प्रकारचं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज आमच्याच इलिनॉय राज्यात, जोलिएटला १९०१ साली सुरू झालं. माझ्या वर्गात एकोणीस वर्षांची पोर आहे, तशीच पन्नाशीची एक मेक्सिकन बाईही आहे. ती वीस वर्षं लोकांची घरं साफ करायची. तिचे हात इतके स्थिर की शिरेत सुई पहिल्यांदा बरोबर गेली ती तिचीच.

पहिल्या सत्रात वैद्यकीय शब्द. आयटिस म्हणजे सूज, एक्टमी म्हणजे कापून काढणं, हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. ग्रीक आणि लॅटिन शब्दांचे तुकडे जोडायचे. सगळ्यांना घाम फुटला होता. आई, मला तू आठवलीस. दिवेलागणीला तू आमच्याकडून जे स्तोत्र म्हणवून घ्यायचीस, त्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयवाचं रक्षण मागितलंय ना? भाल, घ्राण, कंठ, स्कंध, जानु, जंघा. तेव्हा अर्थ कळत नव्हता, पाठ मात्र झालं. इथे गुडघ्याला लॅटिनमध्ये जेनू म्हणतात हे फळ्यावर आलं आणि मला "जानु" ऐकू आलं. दातांच्या शब्दांत डेंट, आपला दंत. पायाच्या शब्दांत पेड, आपला पद. नाकाचं नेझल, आपली नासिका. या भाषा एकाच मुळाच्या, म्हणून तसं होतं. त्या परीक्षेत वर्गात माझे सगळ्यात जास्त गुण होते, आणि ते तुझ्या देवघरातून आलेले आहेत.

रक्त काढायला शिकणं मला फार अवघड गेलं. आधी रबरी हात असतो, त्यात लाल पाणी भरलेलं. मग आम्ही एकमेकींचे हात धरतो. दंडावर पट्टा बांधायचा, तो एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही. कोपराच्या खळगीतली शीर शोधायची. मी डोळे फाडफाडून निळी रेघ शोधत होते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, शीर दिसत नसते, ती लागते. बोटाखाली दाबून सोडली की परत उसळते. बाबा, हे वाक्य मी सहावीत असताना तुमच्या तोंडून ऐकलंय. मिरजेच्या किल्ला भागातली ती म्हातारी तुमच्या दवाखान्यात यायची, जिची शीर कुणालाच सापडायची नाही. तुम्ही तिच्याशी तिच्या नातवाबद्दल बोलत, डोळे खिडकीकडे ठेवून, नुसतं बोट फिरवायचात. मी बाकावर बसून गृहपाठ करत असायची. तुम्ही म्हणालात, "डोळ्यानं नाही बघायचं, बोटानं बघायचं." त्या दिवशी प्रयोगशाळेत मी डोळे मिटले आणि शीर सापडली.

एक चूक केली तीही सांगते. रक्ताच्या नळ्या रंगीत बुचांच्या असतात, आणि त्या भरायचा क्रम ठरलेला असतो. फिकट निळी आधी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवी, जांभळी, शेवटी करडी. मी जांभळी आधी भरली आणि मग सोनेरी. मला वाटलं, रक्त तेच, माणूस तोच, काय फरक पडतो? पण जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं त्यात पोटॅशियम असतं. त्याचा अंश सुईवाटे पुढच्या नळीत गेला तर अहवालात पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम कमी. डॉक्टर तो आकडा खरा मानून औषध देणार. बाईंनी सरावाची ती नळी टाकून दिली आणि मला बाजूला घेऊन हे समजावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्ही बाटली भरताना कधीच का बोलायचा नाहीत, आईने हाक मारली तरी "थांब" म्हणून हात वर का करायचात, ते मला त्या रात्री कळलं.

काळ किती बदललाय, बाबा. तुम्ही काचेची सिरिंज आणि सुया उकळत ठेवायचात, सुई बोथट झाली की दगडावर घासायचात. इथे सुई एकदाच वापरायची, टोपण परत लावायचं नाही, सरळ लाल डब्यात. काम करणाऱ्यांना सुया टोचून रोग लागू नयेत म्हणून २००० साली अमेरिकेत कायदाच झाला. पण दुसरा एक कायदा शिकताना मला हसू आलं, आनंदाचं. १९९६ साली इथे कायदा झाला, त्याच्या नियमांप्रमाणे पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये. दवाखान्यात कोण आलं होतं हेसुद्धा घरी बोलायचं नाही. आम्हाला त्यावर दोन तास शिकवलं. आई, तू किती वेळा विचारायचीस, "अमुक वहिनी आज दवाखान्यात कशाला आल्या होत्या?" आणि बाबांचं ठरलेलं उत्तर, "दवाखान्यातलं दवाखान्यात." समोरच्या काकांचा क्षय बरा झाला, त्यानंतर आपल्याला कळलं की त्यांना क्षय होता. बाबांना वर्षभर माहीत होतं.

आता मी एका दवाखान्यात प्रत्यक्ष काम शिकतेय. १६० तास भरायचे, बिनपगारी. गेल्या आठवड्यात मुलाकडे आलेली एक गुजराती आजी तपासायला होती. तिला उंच टेबलावर बसायला सांगितलं तर ती छान मांडी घालून बसली, जशी तू ओट्यावर बसतेस. माझ्याबरोबरच्या मुलीने तशीच रक्तदाबाची पट्टी गुंडाळली, स्वेटरवरून, आणि आजी बोलतच होती. आकडा आला १६८. मी हिंदीत म्हटलं, "आजी, खाली खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवा, पाठ टेकवा, पाच मिनिटं बोलू नका." स्वेटरची बाही काढली, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवला. आकडा आला १४२. तोही जास्तच होता आणि डॉक्टरांनी औषध दिलं, पण १६८ आणि १४२ मध्ये गोळीचा फरक पडतो.

आम्ही अजून कानाला स्टेथोस्कोप लावूनही रक्तदाब घ्यायला शिकतो, नुसतं यंत्रावर भागवत नाही. पट्टीतली हवा हळूहळू सोडायची. आधी शांतता असते, मग पहिली टक. तो वरचा आकडा. टक टक चालू राहतं, मऊ होत जातं, आणि जिथे आवाज थांबतो तो खालचा. कोरोत्कोव नावाच्या रशियन डॉक्टरने १९०५ साली हे आवाज सांगितले, अजून त्याच्याच नावाने ओळखतात. मला ते ऐकताना आपली सतारमेकर गल्ली आठवते. तार जुळवणारा माणूस कान लावून बसलेला असायचा, रस्त्यावरून टांगा गेला तरी त्याची मान हलायची नाही. कान असा लावायचा असतो हे मी मिरजेत शिकले.

म्हणून बाबा, आता तुमच्या रक्तदाबाकडे येते. तुम्ही बाजारातून जिना चढून येता, चहा घेता, शर्टाची बाही वर गुंडाळता आणि यंत्र लावता. मग आकडा जास्त आला की चिडता आणि कमी आला की दोन दिवस गोळी घेत नाही. हे मला दादाने सांगितलं, त्याच्यावर रागावू नका. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पायावर पाय नको. उघड्या दंडावर पट्टी, हात टेबलावर. एकदा घ्या, मिनिटभर थांबून परत घ्या, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. आकडा चांगला येतो तो गोळीमुळे. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. मला ते सांगायचा अधिकार नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आलात.

एक गोष्ट उरली. आठवीत शाळेने फॉर्म भरून घेतला होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी "नोकरी" लिहिलं. पुढच्या बाकावरच्या मुलीचे वडील डॉक्टर होते, मिरजेत निम्म्या वर्गाचं कुणी ना कुणी डॉक्टर असायचं. तुम्ही सही करताना तो रकाना वाचलात. काही बोलला नाहीत. सही केलीत आणि फॉर्म परत दिलात. मला आजवर माफी मागता आली नाही.

इथे पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकीला विचारलं, घरात आधी कुणी हे काम केलंय का? बऱ्याच जणी नाही म्हणाल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझे वडील अडतीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. कंपाउंडर म्हणजे काय ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून सगळं सांगितलं. खलात गोळ्या कुटायच्या, कागदाच्या पुड्या बांधायच्या, लाल मिक्श्चर, आणि बाटलीवर चिकटवायची ती पांढऱ्या कागदाची पट्टी, कडेला खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक डोस, म्हणजे वाचता न येणाऱ्या माणसालाही किती प्यायचं ते कळावं. ती पट्टी ऐकून बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, हे मला नव्या मुलींना शिकवायचंय.

परीक्षा मार्चमध्ये आहे, २०० प्रश्न. त्याआधी बाईंना ती पट्टी करून दाखवायची आहे, आणि मी दोनदा केली तर खाचा सारख्या आल्या नाहीत. तुम्ही कागदाची घडी घालून कापायचात की आधी पट्टीने मोजून? आणि कात्री कोणती होती, ती छोटी काळी? आठवेल तसं लिहून पाठवा, आईला सांगायला लावू नका, तुमच्या अक्षरात हवं.

तुमची,
ताई