आमदारांचे अग्रक्रम कुठे वाचायचे?

संपादक महोदय,

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेची निवडणूक झाली, त्यापूर्वी दारात आलेली उमेदवारांची पत्रके मी जपून ठेवली आहेत. शिक्षण, घराणे, पक्षातील पदे हे सारे त्यांत आहे. निवडून आल्यावर कोणते काम आधी हाती घेणार, हे मात्र 'सर्वांगीण विकास' या दोन शब्दांत उरकले आहे.

पार्श्वभूमी गौण आहे, असे नव्हे. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नगरसेवक, १९९७ मध्ये महापौर आणि १९९९ मध्ये आमदार झाले; महापालिकेतून विधानसभेत गेलेल्या प्रतिनिधीला गडर लाइनचा (सांडपाणी वाहून नेणाऱ्या गटारवाहिनीचा) प्रश्न समजावून सांगावा लागू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. मालमत्ता आणि खटले तर प्रतिज्ञापत्रातूनही कळतात. परंतु २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातील अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा घरात शिरलेल्या पाण्याची भिंतीवरील रेघ दोनदा रंग देऊनही ज्यांच्याकडे अजून उमटते (आमच्याकडे ती गुडघ्याच्या वर आहे), त्यांना उमेदवाराच्या घराण्यापेक्षा त्या तलावाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाग नदीच्या पात्रासाठी तो सभागृहात काय मागणार, हे आधी हवे असते.

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरते. त्याआधी शहरातील सहाही आमदारांकडून प्रत्येकी तीन विषय लेखी मागवावेत आणि त्यांपैकी किती विषय तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) वा लक्षवेधीच्या (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेच्या) रूपाने मांडले गेले, हे अधिवेशन संपताच छापावे, ही विनंती.

– एक मतदार, नागपूर