‘फक्त ॲडमिन’ हा उपाय नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या दोन ॲडमिनांपैकी मी एक आहे. मागच्या उन्हाळ्यात एका सदस्याने टँकरची बिले ग्रुपवर टाकली आणि एका दिवशी दोन टँकरचे बिल असताना वॉचमनच्या वहीत एकाचीच नोंद कशी, असे विचारले. दहा मिनिटांत दुसऱ्या ॲडमिनने, जे कार्यकारिणीचे पदाधिकारीही आहेत, तो संदेश काढून टाकला आणि ‘वातावरण बिघडू नये म्हणून’ ग्रुपवर लिहिण्याचा अधिकार फक्त ॲडमिनपुरता ठेवला. अमुक एका बिस्किटात विष सापडल्याचा फॉरवर्ड मात्र त्याआधीचे तीन दिवस तेथे सुखेनैव नांदत होता. (मी तेव्हा गावी गेलो होतो, ही सबब मला स्वतःलाही फारशी पटलेली नाही.)

‘उद्या गुन्हा दाखल झाला तर ॲडमिनवरच येईल’ हे अशा वेळचे ठरलेले कारण असते. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे, की समान हेतू किंवा आधी ठरलेला कट नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे धाकापोटी प्रश्न पुसण्याचे कारण उरत नाही.

मात्र कायद्याचे बालंट नाही म्हणून हात झटकून बसणेही योग्य नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली, आणि इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला २०२२ मध्ये मिळाली. ही सोय अफवेसाठी, एखाद्याच्या घरच्या बायकामुलांचे फोटो किंवा फोन नंबर परस्पर टाकणाऱ्यासाठी, जातिधर्मावरून शिवीगाळ करणाऱ्यासाठी तातडीने वापरावी. तेथे चर्चेची वाट पाहू नये. हिशेब विचारणारा संदेश, तो कितीही तिरकस भाषेत असला, तरी या यादीत बसत नाही. आणि ज्याच्या कारभाराबद्दल प्रश्न आहे त्याच्याच हाती खोडरबर असणे कोणत्याही संस्थेत गैरच मानले जाईल.

म्हणून आम्ही आता एवढेच ठरवले आहे, की संदेश काढला तर त्याचे कारण एका ओळीत त्याच ग्रुपवर लिहायचे, आणि कार्यकारिणीबाहेरचा निदान एक ॲडमिन ठेवायचा. सकाळच्या फुलांच्या चित्रांना आवर घालण्याचा प्रस्ताव बहुमताने फेटाळला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

टँकरचा प्रश्न सदस्यांनी अखेर सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारला. पुरवठादाराची सही असलेली दुसरी पावती सचिवांच्या फायलीतच निघाली. रात्रपाळीच्या वॉचमनची नोंद तेवढी राहून गेली होती. मधले चार महिने मात्र ‘काहीतरी लपवले आहे’ ही कुजबुज आमच्या जिन्यांतून चालूच होती.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे