मित्रास पत्र: नागरिकत्व आधी, मिसळणे मागाहून

सोलापूर,
18 जानेवारी 2026

प्रिय व्यंकटेश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करावा की नाही, असे तू विचारले आहेस. अर्ज केल्यावर आपण नेमके कुणाचे उरतो, हा त्याच्या पोटातला प्रश्न मात्र तू लिहिण्याचे टाळले आहेस. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'कर' असे आहे. दुसऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याचा पुरावा मला तुझ्याच घराण्यात सापडतो.

तुझे पणजोबा करीमनगरकडून इथे आले तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते परमुलखातलेच होते. तो मुलूख निजामाचा, तर सोलापूर मुंबई इलाख्यातले, म्हणजे इंग्रजांचे. 1877 साली जुनी मिल सुरू झाली, मागोमाग इतर गिरण्या उभ्या राहिल्या आणि हाताला काम मिळते म्हटल्यावर तेलंगणातले पद्मशाली विणकर कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन आले. त्यांची मराठीची परीक्षा कुणी घेतली नाही. त्यांनी पूर्व भागात वस्ती केली, मार्कंडेयाचे देऊळ बांधले, मुलांसाठी शाळा काढल्या आणि घरात तेलुगूच बोलत राहिले. पुढे घटना झाली. तिच्या पाचव्या कलमाने भारतात अधिवास असलेल्या माणसाकडून तीनपैकी एकच गोष्ट मागितली: स्वतःचा या भूमीत जन्म, आईबापांपैकी एकाचा जन्म किंवा आधीची निदान पाच वर्षे इथले वास्तव्य. कोणती भाषा बोलता, कोणत्या देवाला जाता, कुणात सोयरीक करता, असले काही त्यात नाही. तुझे आजोबा आणि माझे आजोबा एकाच दिवशी आणि एकाच कलमाने नागरिक झाले.

हे सहज घडले असे मात्र समजू नकोस. मसुदा समितीला एखादा अपवाद वगळता दुसऱ्या कोणत्याही कलमाने इतकी डोकेदुखी दिली नाही, असे डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट 1949 मध्ये घटना समितीत सांगितले होते. आपल्या अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांची तर उघड तक्रार होती, की या तरतुदींमुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. देशमुखांबद्दल मला आदर आहे, पण या बाबतीत त्यांचे म्हणणे मला पटत नाही. नागरिकत्व स्वस्तात मिळाल्यामुळे सोलापूरचे काय बिघडले? 1980 साली गंगाधर कुचन काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले, 1996 साली लिंगराज वल्याळ भाजपतर्फे गेले आणि लाल बावट्याचे नरसय्या आडम विधानसभेत अनेकदा निवडून आले. एकाच समाजातून आलेली ही तीन माणसे तीन दिशांना तोंड करून उभी राहिली, आणि मिसळून जाण्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही. बाहेरून आलेल्यांना आपण परके आहोत असे वाटत असते तेव्हा ते बहुधा एकाच छत्रीखाली दाटीवाटीने उभे राहतात. आपापसांत भांडण्याइतका निर्धास्तपणा पुढे हातात मत आल्यावर येतो.

तुझी आई ओट्यावर बसून बिड्या वळायची, ते मला अजून दिसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवलेली तेंदूची पाने. कात्रीने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, गुंडाळायचे, टोक नखाने आत दुमडायचे, दोरा बांधायचा. हात चालू असताना शेजारणीशी तेलुगूत बोलणे चाले, भाजीवालीशी कानडीत आणि 'भूक लागली असेल, बस' हे माझ्याशी मराठीत. त्यात तिला कुणाचे काही सोडावे लागत होते असे कधी जाणवले नाही. आजही नवरात्राच्या सुमारास पूर्व भागातल्या बायका फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा सारे शहर तो आपला मानून बघायला उभे राहते. सगळे गोडीगुलाबीचे होते असे मी म्हणणार नाही. लग्ने आपापल्यातच होत राहिली आणि पूर्व भाग हा पूर्व भागच राहिला. पण सोलापूरकर कोण, यावर वाद झाला नाही.

आता तू राहतोस त्या देशाकडे बघ. पश्चिम जर्मनीने 1955 साली इटलीशी आणि 1961 साली तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले आणि त्यांना पाहुणे कामगार म्हटले. 1973 साली भरती थांबवली, तोवर बरेच जण परतले होते. राहिले त्यांनी बायकामुले आणली. 1913 च्या कायद्याने तिथे नागरिकत्व रक्तावरून ठरत असे, म्हणून या लोकांची तिथेच जन्मलेली, तिथल्याच शाळेत शिकलेली मुलेही परदेशी ठरत. परदेशी आईबापांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना, आईबाप पुरेशी वर्षे कायदेशीररीत्या राहिलेले असतील तर, जन्माने नागरिकत्व मिळू लागले ते 1 जानेवारी 2000 पासून. माणसाला दोन पिढ्या उंबऱ्याबाहेर बसवायचे आणि मग हा घरात का मिसळत नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा, हा न्याय कुठला? माझे म्हणणे एवढेच आहे, की मिसळून झाल्याचे बक्षीस म्हणून नागरिकत्व देऊ नये. मिसळता यावे म्हणून ते वेळेवर द्यावे. जून 2024 पासून तिथे आठऐवजी पाच वर्षे पुरतात, हे त्या देशाला उशिरा सुचलेले शहाणपण आहे. भाषेची अट मला अन्यायाची वाटत नाही, कारण भाषेवाचून मत कशाला द्यायचे तेच कळणार नाही. तिथले कायदे आणि समाज यांच्या माहितीची जी दुसरी परीक्षा असते, ती 33 प्रश्नांपैकी 17 बरोबर आले की सुटते म्हणे. आपल्या दहावीच्या भूमितीपुढे ती काहीच नाही.

तुला खटकलेली गोष्ट वेगळी आहे. नाझी राजवटीतील अन्याय आणि त्यातून येणारी जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी मान्य असल्याचे आता लेखी द्यावे लागते, आणि विणकराच्या पोराचा त्या पापाशी काय संबंध, असे तू विचारतोस. मी यावर बराच विचार केला. वारशाने वाडा घेणाऱ्याला त्यावरचे कर्जही घ्यावे लागते. शिवाय असे तू पूर्वी एकदा केलेलेच आहेस. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिले. चौघांत ना तुझे कुणी होते ना माझे. तरी इंग्रजांनी सोलापुरावर लादलेल्या मार्शल लॉची गोष्ट सांगताना तू 'आपल्याला' असेच म्हणतोस. ज्या अभिमानात आपला काही वाटा नव्हता तो आपण विनातक्रार घेतला, मग शरमेच्या वेळी पाय मागे का घ्यावा?

तोटा होणार आहे, तो लपवत नाही. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तू जर्मन नागरिकत्व घेतलेस की भारताचे आपोआप संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर परदेशस्थ भारतीयाचे कार्ड काढता येते. त्यावर व्हिसाशिवाय हवे तेव्हा येता येईल, राहते घर ठेवता येईल, पण शेतजमीन विकत घेता येणार नाही आणि मतदान करता येणार नाही. मतदानाचे मला तुझ्याइतकेच लागते. पण खरे सांग, इथल्या निवडणुकीला तू कितीदा येऊ शकलास? आणि जिथे तू कर भरतोस, जिथे तुझी मुलगी शाळेत जाते, तिथल्या कारभाराबद्दल तुला अवाक्षर काढता येत नाही. दोन्हीकडे मुका राहण्यापेक्षा एकीकडे तरी बोल.

कुणी तुला डॉ. कोटणीसांचा दाखला देईल. ते सोलापूरचे, 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथेच लग्न केले आणि 1942 साली तिथेच वारले. दोन्ही देश त्यांना आपले म्हणतात. पण ते युद्धात जखमींची सेवा करायला गेले होते आणि तू गिअरबॉक्स बनवायला गेला आहेस. आपल्यासारख्यांना आपलेपणाची शाश्वती कायद्यातूनच मिळवावी लागते.

आपलेही सांगतो. परवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमागवाल्याकडे बसलो होतो. तुमच्याच समाजातला, वयस्क माणूस. उत्तरेकडून आलेल्या मजुरांबद्दल तो म्हणाला, 'ही माणसं आपल्यात मिसळत नाहीत.' हे तो माझ्याशी बोलत होता मराठीत, आणि मध्येच वळून मुलाला चहा सांगत होता तेलुगूत. मी काही बोललो नाही, कारण चहा त्याचा होता. पण येणाऱ्याला तोलायची घाई मागाहून आलेल्यांनाही तितकीच असते, हे तूही लक्षात ठेव. उद्या तुझ्या इमारतीत सीरियातले कुटुंब राहायला येईल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तुझ्या जन्मदाखल्यावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एक आहे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे. ऑगस्ट 2019 मध्ये आसामात नागरिकांची जी यादी लागली तिच्याबाहेर 19 लाखांवर माणसे राहिली, आणि स्पेलिंगच्या असल्याच फरकाने अडलेल्यांच्या हकिकती तेव्हा आपण दोघांनीही वाचल्या होत्या. तेव्हा अर्जाआधी हे निस्तरून घे. अधिकारपत्र पाठवलेस तर इथली धावपळ मी करतो. मूळ दाखले अण्णांच्या कपाटात आहेत, आणि ते मागायच्या आधी त्यांना तू स्वतः फोन करून सगळे सांग. माझ्या तोंडून त्यांना हे कळू नये.

तुझा,
सुधीर