आपत्कालीन गर्भनिरोधनाचे अपुरे शिक्षण

संपादक महोदय,

परिचारिकांच्या प्रशिक्षणात आपत्कालीन गर्भनिरोधनाचा विषय घाईने उरकला जातो, हे मला सतत जाणवते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, तीही शक्य तितक्या लवकर घ्यावी, एवढे सर्वांना पाठ असते. परंतु ती मुख्यतः बीजोत्सर्ग, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे, लांबवते आणि रुजलेला गर्भ पाडत नाही, हे अनेक सहकारी ठामपणे सांगू शकत नाहीत. क्षयावरील रिफाम्पिसिन किंवा अपस्मारावरील कार्बामॅझेपिन चालू असल्यास गोळीचा परिणाम घटतो. अशा वेळी पाच दिवसांच्या आत बसवलेल्या तांबीचा, म्हणजे सर्वांत प्रभावी उपायाचा, पर्याय सांगायला हवा आणि नेमका तोच राहून जातो. घाबरलेल्या मुलीला चालू औषधांऐवजी प्रथम लग्नाविषयी विचारले जाणे थांबावे, यासाठी सेवेतील प्रत्येकाला हे प्रशिक्षण पुन्हा द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक परिचारिका